डोळ्यांतील रंग आणि आम्लता

मध्यरात्री जाग येते, न्हाणीघराकडे निघावे तर दाराची चौकटही दिसत नाही. ‘आम्लपित्त वाढले असेल’ असे म्हणून आपण अनेकदा स्वतःची समजूत घालतो. परंतु जठरातील आम्ल डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. रक्ताचा सामू शरीर ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद मर्यादेत राखते.

आम्लतेचा दृष्टीशी संबंध आहे खरा, पण तो दृष्टिपटलातील एकेका पेशीच्या पातळीवर. मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळट-लाल रंगद्रव्य असते. बेडकाच्या डोळ्यातील हा रंग उजेडात विटतो, हे फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्ये सांगितले. पुढे क्यूने यांनी ते रंगद्रव्य पित्तातील क्षारांच्या साहाय्याने वेगळे केले. डोळ्याचे कोडे पित्ताने उलगडावे, ही गंमतच!

प्रकाश पडताच या रंगद्रव्यातील ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला भाग आपला बाक सोडून सरळ होतो. मग रेणूची दोन रूपे एकमेकांशी तोल साधतात. पहिल्या रूपातून दुसऱ्यात जाताना रेणू भोवतालच्या पाण्यातून एक प्रोटॉन घेतो. म्हणून आम्लता वाढली की तोल दुसऱ्या रूपाकडे झुकतो, अल्कता वाढली की पहिल्याकडे. मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात या दुसऱ्या रूपापासूनच होते. गुरांच्या डोळ्यांतील रंगद्रव्यावर हे दाखवणाऱ्यांत जॉर्ज वाल्ड होते. त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माकुळाच्या डोळ्यात तर हा फरक नजरेला दिसतो: प्रकाशाने बदललेले त्याचे रंगद्रव्य आम्लात तांबडे, अल्कात पिवळे. जणू प्रयोगशाळेतील लिटमसच!

आम्लपित्ताचे औषध घेऊन रात्रीची नजर सुधारणार नाही, ती यामुळेच. विटलेले रंगद्रव्य पुन्हा जुळायला तरुणांनाही अर्धा तास लागतो, उतारवयात त्याहून अधिक. वडीलधाऱ्यांच्या खोलीत जमिनीलगत मंद दिवा तेवढा ठेवा. उजेडातून अंधारात येताना क्षणभर थांबू द्या. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांचा अतिरेक यकृताला बाधतो. आणि एका डोळ्यापुढे अचानक अंधार दाटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री वैद्यकीय मदत घ्या.