सेकंडहँड जेट घ्यायचंय? आधी कागद दाखवा!

सेकंडहँड बाइक घेताना आपण काय करतो? ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो, एक राउंड मारून बघतो, आरसी बुक तपासतो आणि शेवटी 'काका, दोन हजार कमी करा ना' म्हणतो. अमेरिकेत वापरलेल्या बिझनेस जेट्सचा मोठा बाजार आहे आणि गंमत म्हणजे तिथेही साधारण हेच चालतं. फक्त मेकॅनिकचं बिल हजारो डॉलर्समध्ये येतं.

या बाजारातला लाडका वर्ग म्हणजे सुपर-मिडसाइज. आठ-नऊ सीट्स, सहा फुटी माणूस ताठ उभा राहील अशी केबिन आणि न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस एका दमात. २००४ मध्ये सेवेत आलेलं बम्बार्डियरचं चॅलेंजर ३०० हे त्यातलं हिट मॉडेल.

विमानाचं वय आणि उडालेले तास बघून किंमत ठरते, हे खरं. पण सगळा जीव लॉगबुकमध्ये. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून कुठला पार्ट कधी बदलला, सही कोणी केली, कुठे ठोकर बसली, सगळं त्यात हवं. एखादं लॉगबुक हरवलं, तर विमान तेच, इंजिन तेच, तरी भाव धाडकन खाली. कारण काम झालं होतं हे सिद्धच करता येत नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल हरवलेल्यांना हे दुःख कळेल.)

मग येतं प्री-बाय इन्स्पेक्शन. शहाणा खरेदीदार विमान अशा सर्व्हिस सेंटरला नेतो, ज्याने आजवर त्याची देखभाल केलेली नाही. इंजिनात बारीक कॅमेरा घालून पाती तपासतात. टॉयलेट आणि किचनखालचा भाग उघडतात, कारण सांडलेल्या पाण्याने गंज तिथेच धरतो. उड्डाणाच्या सुरक्षिततेचा दोष निघाला तर खर्च सहसा विकणाऱ्याचा. फाटकी सीट मात्र घेणाऱ्याच्या नशिबी. इंजिनासाठी अनेक मालक दर उड्डाण-तासामागे ठरावीक पैसे भरतात आणि मोठी दुरुस्ती त्यातून होते. जुन्या मालकाने ते भरलेच नसतील, तर 'स्वस्तात मस्त' वाटलेलं विमान पहिल्या ओव्हरहॉललाच घाम फोडतं.

एवढं करूनही दणका बसतो. हॉकर ४००० बघा. कंपोझिट बॉडी, नवं असताना किंमत दोन कोटी डॉलर्सच्या वर. २०१२ मध्ये हॉकर बीचक्राफ्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, जेट बनवणं बंद झालं आणि या मॉडेलच्या मालकांना वॉरंटीवरही पाणी सोडावं लागलं. शंभरसुद्धा विमानं बनली नव्हती. सेकंडहँड भाव कोसळला. २०१४ मध्ये टेक्स्ट्रॉनने कंपनी घेतली, तरी 'अनाथ मॉडेल' हा शिक्का बसायचा तो बसलाच. म्हणून माझ्या मते, 'किती उडालंय' याआधी 'अशी किती उडतायत' हे विचारावं.

सगळं जमलं की शेवटचा सीन अगदीच कोरडा. पैसे तिसऱ्याच संस्थेकडे, म्हणजे एस्क्रोमध्ये. विमान बऱ्याचदा ऑरेगन किंवा डेलावेअरसारख्या विक्रीकर नसलेल्या राज्यात उभं. विमानांची सरकारी नोंदणी ओक्लाहोमा सिटीत. सगळे एका कॉन्फरन्स कॉलवर येतात, कुणीतरी 'रिलीज' म्हणतं, कागद दाखल होतात आणि कोट्यवधींचं जेट काही मिनिटांत दुसऱ्याचं होतं. पायलटचा पगार, हँगरचं भाडं आणि विम्याचा हप्ता त्याच दिवसापासून सुरू, मग विमान उडो वा न उडो.