संप्रेरक उपचार: त्रास वेगळा, धोका वेगळा

रजोनिवृत्तीच्या काळात सुरू केलेले संप्रेरक उपचार पुढे चालू ठेवावेत की थांबवावेत, या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी नेहमी एकत्र कालवल्या जातात. स्तन भरून येणे, पोट फुगणे, मळमळणे, डोके दुखणे, मध्येच थोडा रक्तस्राव होणे हे उपचार घेणाऱ्या स्त्रीला स्वतःला जाणवणारे दुष्परिणाम होत. रक्तवाहिनीत गुठळी होणे, पक्षाघात किंवा स्तनाचा कर्करोग यांची शक्यता काही प्रमाणात वाढणे हा मात्र धोका होय, आणि वाढलेली शक्यता ही काही शरीराला जाणवणारी गोष्ट नव्हे. स्तन दुखू लागले म्हणजे कर्करोगाची सुरुवात झाली, किंवा गोळीचा काहीच त्रास होत नाही म्हणजे ती निर्धोक आहे, ही दोन्ही अनुमाने याच सरमिसळीतून निघतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी वय ५१च्या आसपास आणि भारतात ४६-४७च्या आसपास आढळते. अंडाशयांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक या काळात झपाट्याने घटते आणि त्यामुळे अंगातून एकाएकी गरम वाफा निघून घाम फुटणे, झोपमोड, योनिमार्गाचा कोरडेपणा असे त्रास सुरू होतात, तर हाडांची झीज कोणताही आवाज न करता वेग घेते. संप्रेरक उपचार म्हणजे हे घटलेले इस्ट्रोजेन थोड्या मात्रेत बाहेरून देणे. जिचे गर्भाशय शाबूत आहे अशा स्त्रीला त्याच्या जोडीने प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखे काम करणारे कृत्रिम संप्रेरक द्यावेच लागते (या दोहोंना मिळून प्रोजेस्टोजेन म्हणतात), कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि कालांतराने तेथे कर्करोग होऊ शकतो. हा धडा अमेरिकेतील वैद्यकाला १९७५ साली, लाखो स्त्रियांनी एकटे इस्ट्रोजेन घेतल्यानंतर, मिळाला. तो आजही महत्त्वाचा आहे, कारण चिडचिड, सुस्ती आणि पोट फुगणे हे त्रास पुष्कळदा प्रोजेस्टोजेनमुळे होतात, आणि त्रास देणारी तेवढी गोळी आपल्या मनाने बंद करून दुसरी चालू ठेवणे हा वरवर शहाणपणाचा वाटणारा मार्ग प्रत्यक्षात सर्वांत घातक ठरतो. दोन्ही बंद करणे त्यापेक्षा बरे.

या उपचारांविषयीच्या भीतीला एक निश्चित तारीख आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील विस्तृत अभ्यासाचा एक भाग जुलै २००२मध्ये मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. त्यात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळवलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक गोळीच्या रूपात, तर उरलेल्यांना औषधविरहित गोळी दिली जात होती. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर पसरली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या एका रात्रीत बंद केल्या. वास्तविक ही टक्केवारी सापेक्ष होती, म्हणजे दोन गटांतील प्रमाणांची केवळ परस्परांशी तुलना होती. प्रत्यक्ष संख्या पाहिल्या तर औषधविरहित गटात दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना हा कर्करोग झाला आणि उपचार घेणाऱ्या गटात ३८ जणींना, म्हणजे वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ८ जास्तीचे रुग्ण. पक्षाघाताचे आणि फुप्फुसात जाऊन अडकलेल्या गुठळ्यांचे जास्तीचे प्रमाणही प्रत्येकी ८ होते, हृदयविकाराचे ७. खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र ५ने आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ने कमी झाले. हे धोके नगण्य नाहीत, पण ‘२६ टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभे राहते त्याहून ते फार वेगळे आहेत. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पन्नाशीच्या आत-बाहेर वाफांनी हैराण होऊन दवाखान्यात जाणाऱ्या स्त्रीपेक्षा त्या बारा-तेरा वर्षांनी मोठ्या होत्या.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागाची चर्चा सामान्य वाचकांत फारशी झालीच नाही. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या या भागात इस्ट्रोजेन एकटेच दिले गेले. २००४मध्ये तो थांबवण्यात आला तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले होते, परंतु स्तनाच्या कर्करोगाचे वाढलेले नव्हते, आणि पुढील दीर्घ पाठपुराव्यात तर ते कमी असल्याचे स्पष्ट झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १८ वर्षांच्या पाठपुराव्यात कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांत सारखेच आढळले.

मात्र येथून काही जण उलट दिशेच्या गैरसमजाकडे घसरतात आणि २००२चा अभ्यास मुळातच खोटा होता, हे उपचार म्हणजे तारुण्य टिकवण्याचा उपाय आहे, असे सांगू लागतात. हा दावा नवा नाही. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ साली ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून तो गाजवला होता. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१९ साली जगभरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले, त्यानुसार ५०व्या वर्षी सुरू करून ५ वर्षे रोज दोन्ही संप्रेरके घेतली तर ६९व्या वर्षापर्यंत दर ५० स्त्रियांमागे सुमारे एकीला स्तनाचा जास्तीचा कर्करोग होतो; प्रोजेस्टोजेन महिन्यातील काही दिवसच घेतले तर दर ७० मागे एकीला, आणि इस्ट्रोजेन एकटे घेतले तर दर २०० मागे एकीला. हे आकडे पाश्चात्त्य देशांतील मूळ प्रमाणावर आधारलेले आहेत आणि भारतात ते मूळ प्रमाणच कमी असल्यामुळे जसेच्या तसे येथे लावता येत नाहीत, पण धोक्याची दिशा आणि त्याचा उपचारांच्या कालावधीशी असलेला संबंध येथेही तोच धरावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५मध्ये या औषधांच्या वेष्टनांवरील बहुतेक ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला; त्याचा अर्थ इशारा प्रमाणाबाहेर ठळक होता एवढाच घ्यावयाचा, धोका शून्य झाला असा नव्हे.

आता जाणवणाऱ्या त्रासांकडे वळता येईल. त्रास होतो म्हणजे औषध मानवत नाही आणि म्हणून ते कायमचे बंद, हा समज सर्वांत रूढ आहे; त्यात ‘औषध’ ही एकच वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः त्यात दोन संप्रेरके, त्यांचे अनेक प्रकार, निरनिराळ्या मात्रा आणि देण्याचे निरनिराळे मार्ग असतात, आणि प्रत्येक त्रासाचा माग यांपैकी कोठेतरी लागू शकतो. स्तनांचा दुखरेपणा, मळमळ, पायांत गोळे येणे, डोकेदुखी हे त्रास प्रामुख्याने इस्ट्रोजेनचे. त्यांतील बरेच पहिल्या ३ महिन्यांत आपोआप ओसरतात, न ओसरल्यास मात्रा कमी करता येते, गोळी जेवणासोबत घेता येते किंवा तिच्याऐवजी त्वचेला लावायचे जेल वापरता येते. उदासपणा, चिडचिड, मुरुमे, पोट जड वाटणे असे पाळीपूर्वीच्या दिवसांची आठवण करून देणारे त्रास असतील तर प्रोजेस्टोजेनचा प्रकार बदलणे अधिक उपयोगी पडते: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनऐवजी शरीरातील प्रोजेस्टेरॉनशी रेणूने तंतोतंत जुळणारे सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन, किंवा डायड्रोजेस्टेरॉन, किंवा गर्भाशयात बसवायची, लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी तांबी (जिच्यात, नाव काहीही असले तरी, तांबे नसते). सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉनने झापड येते, म्हणून ते रात्री झोपताना घेतात. ज्यांची मूळ तक्रारच झोप न लागण्याची आहे त्यांना हा दुष्परिणाम उपकारकच वाटतो. वजन वाढण्याचा दोषही या गोळ्यांच्या माथी मारला जातो, पण या वयात उपचार न घेणाऱ्या स्त्रियांचेही वजन वाढते आणि चरबी कंबरेभोवती जमू लागते. तुलनात्मक चाचण्यांत उपचारांमुळे त्यात भर पडल्याचे दिसलेले नाही.

रक्तस्राव मात्र यांपैकी कोणत्याच रांगेत बसत नाही. उपचार सुरू केल्यावर वा मात्रा बदलल्यावर पहिले ३ ते ६ महिने अनियमित रक्त दिसणे सामान्य आहे आणि तेवढ्यासाठी उपचार सोडण्याचे कारण नसते. परंतु तो ६ महिन्यांनंतरही चालू राहिला, फार जास्त असला, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाला, तर ‘या गोळ्यांनी असे होतेच’ असे म्हणून अंगावर काढणे योग्य नव्हे. अशा वेळी योनिमार्गे सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात आणि गरज वाटल्यास त्याचा तुकडा तपासतात.

गोळी आणि जेल यांतील निवड केवळ सोयीची आहे, हाही एक समज. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन रक्तातून सर्वत्र पसरण्याआधी यकृतातून जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते. त्वचेतून शोषले जाणारे इस्ट्रोजेन हा टप्पा टाळते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेतील जेल किंवा पट्टीने शिरांतील गुठळ्यांचा धोका वाढल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळलेले नाही, गोळीने मात्र तो वाढतो. वजन जास्त असलेल्या, अर्धशिशी असलेल्या किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेल्या स्त्रीसाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो, आणि असे असूनही गोळी अंगवळणी पडली म्हणून तीच चालू राहते, हे अनेकदा केवळ विचारणा न झाल्याने घडते.

‘पाच वर्षे झाली की बंद करायचे’ हा नियम तर डॉक्टरांच्या तोंडीही ऐकू येतो. वाफांचा त्रास किती वर्षे टिकतो याचा अमेरिकेत झालेल्या दीर्घ अभ्यासाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तो निम्म्या स्त्रियांत ७.४ वर्षांहून अधिक काळ राहतो. अर्थात ५ वर्षांनी उपचार थांबवले तर अनेकींचा त्रास संपलेलाच नसतो. म्हणून सध्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत सरसकट मुदत घातलेली नाही, दरवर्षी फेरविचार करावा असे सांगितले आहे. ६०व्या वर्षाच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचारांत, त्रास खरोखर तीव्र असेल आणि अन्य प्रतिबंधक कारण नसेल तर, लाभाचे पारडे सहसा जड असते. साठीनंतर ते प्रथमच सुरू करणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तोवर धमन्या बदललेल्या असतात आणि हृदयविकार व पक्षाघाताचा मूळ धोकाच वाढलेला असतो. वर्षे वाढतील तसा स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो, हे फेरविचाराच्या दुसऱ्या पारड्यात टाकावे लागते. थांबवायचे ठरले तर हळूहळू मात्रा उतरवल्याने सुरुवातीचे आठवडे सुसह्य होतात, वर्षभरानंतरच्या स्थितीत मात्र एकदम थांबवणे आणि हळूहळू थांबवणे यांत फरक पडत नाही. जवळपास निम्म्या स्त्रियांत त्रास काही प्रमाणात परततो, आणि हाडांना मिळालेले संरक्षणही थांबल्यावर ओसरू लागते.

वयाचा हा सगळा हिशेब ज्यांना लागूच होत नाही असाही एक गट आहे: ज्यांची पाळी चाळिशीच्या आत गेली किंवा ज्यांची अंडाशये शस्त्रक्रियेने काढली गेली अशा स्त्रिया. त्यांच्या बाबतीत उपचार म्हणजे शरीराला त्या वयात स्वाभाविकपणे मिळालेच असते ते परत देणे होय, आणि ते न घेतल्यास हाडे व हृदय यांचे नुकसान लवकर सुरू होते; म्हणून अन्य प्रतिबंध नसल्यास निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते घ्यावेत असे सांगितले जाते. महाराष्ट्रापुरते हे अधिक गांभीर्याने म्हणावे लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी जवळपास १४ हजार जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली आणि त्यांत अनेकजणी तरुण होत्या. ‘पिशवी काढली’ एवढ्या शब्दांवरून अंडाशये राहिली की गेली हे कळत नाही, त्यासाठी शस्त्रक्रियेचे कागद पाहावे लागतात; संप्रेरकांची गरज ठरते ती त्या एका ओळीवर.

योनिमार्गात वापरायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम हे वरील सर्व चर्चेच्या बाहेरचे आहे. ते रक्तात अत्यल्प उतरते, त्याच्यासोबत प्रोजेस्टोजेन लागत नाही, आणि कोरडेपणा किंवा वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग एवढीच तक्रार असेल तर ते पुरेसे होते. वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक समजल्या जाणाऱ्या चूर्णांविषयी येथे एवढेच नोंदवावे की, वाफा कमी करण्यात इस्ट्रोजेनची बरोबरी करील असे एकही आढळलेले नाही, आणि ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

एका पायाला अचानक सूज येऊन तो दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काही झाले तर मात्रेचा विचार करत न बसता उपचार थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. स्तनाचा कर्करोग झालेल्या, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या, यकृताचा सक्रिय आजार असलेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असणाऱ्या स्त्रीने हे उपचार सुरूच करावयाचे नसतात. तिच्यासाठी नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत, गॅबापेंटिन आणि २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट असे संप्रेरकविरहित पर्याय आहेत. या दोन टोकांच्या मधल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी उपयुक्त पद्धत साधी आहे: त्रासाची आणि वाफांची रोजची नोंद ठेवावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने एका वेळी एकच घटक बदलावा आणि पुढील ३ महिने तो तसाच ठेवावा, कारण गोळी, मात्रा आणि मार्ग एकाच भेटीत बदलले तर बरे वाटले तरी ते कशाने वाटले हे नंतर सांगता येत नाही.