यंत्र नवे, शेजपाळी तीच

अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी प्रवरेच्या पात्रातून संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत विभागले जाते. कालव्याखालच्या शेतांना ठरलेल्या क्रमाने पाणी देण्याच्या पद्धतीला शेजपाळी म्हणतात. संगणकांच्या जगात हेच काम ‘लोड बॅलन्सर’ करतो, फरक एवढाच की तेथे पाण्याऐवजी माहितीच्या मागण्या वाहतात.

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः पिकांची नोंद करू लागले. अशा सेवांकडे एकाच वेळी असंख्य मागण्या आल्या की एका सर्व्हरला, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकाला, तो भार पेलत नाही. म्हणून अनेक सर्व्हर उभारून त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. वापरकर्त्यांना एकच पत्ता माहीत असतो, तर आत हे यंत्र प्रत्येक मागणी पाळीपाळीने किंवा सर्वांत कमी जोडण्या असलेल्या सर्व्हरकडे पाठवते, बंद पडलेला सर्व्हर ओळखून वगळते आणि अर्धा अर्ज भरलेल्या व्यक्तीला, गरज असेल तेथे, पुन्हा त्याच सर्व्हरशी जोडून देते. या सर्व नियमांच्या संचाला ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात.

यंत्र जुने झाले की हा संच नव्या यंत्रावर न्यावा लागतो. परंतु त्याची जशीच्या तशी नक्कल पुरत नाही, कारण त्यात सेवेचे नियम आणि त्या विशिष्ट यंत्राचे तपशील एकत्र मिसळलेले असतात. पत्ते, सर्व्हरांचे गट व तपासणीचे नियम सोबत जातात. जोडणीच्या पोर्टांची नावे व परवाना मात्र जुन्या यंत्राचेच असतात. म्हणूनच एफ-फाइव्ह कंपनीच्या ‘बिग-आयपी’ यंत्रांत जतन केलेला संच वेगळ्या यंत्रावर उतरवताना पोर्टांसारखे भौतिक तपशील वगळण्याची सोय दिलेली आहे. त्याच यंत्रांत सांकेतिक रूपात साठवलेले पासवर्ड उलगडणारी मूळ किल्लीही सोबत न्यावी लागते, अन्यथा नियम पोहोचूनही उघडत नाहीत.

प्रत्यक्ष बदलाच्या वेळी, एकच पत्ता दोन यंत्रांनी सांगू नये म्हणून, जुन्याला बाजूला काढून मगच नव्याला पुढे आणले जाते. शेजारची नेटवर्क उपकरणे त्या पत्त्यामागील जुन्या यंत्राचा हार्डवेअर क्रमांक काही काळ स्मरणात ठेवत असल्याने नव्या यंत्राला आपला क्रमांक स्वतःहून जाहीर करावा लागतो. सर्व चाचण्या पूर्ण होईपर्यंत जुने यंत्र सज्ज ठेवणे हा शहाणपणाचा भाग होय, कारण परतीची वाट तेच असते.

या कामात सर्वाधिक धोका क्वचित वापरल्या जाणाऱ्या सेवांना असतो. गर्दीच्या सेवेतील चूक तत्काळ लक्षात येते, पण हंगामातून एकदाच लागणाऱ्या सेवेचा सुटलेला नियम त्या हंगामापर्यंत कोणाच्याही ध्यानात येत नाही. कालव्याच्या मुखाशी पाणी दिसले म्हणजे आवर्तन यशस्वी झाले असे नव्हे. ते शेपटाकडच्या शेतापर्यंत पोहोचले की नाही, हीच त्याची कसोटी असते, आणि लोड बॅलन्सरच्या स्थलांतरालाही तीच लावली पाहिजे.