‘कल्चर’ला बंगालीत काय म्हणावं?

‘जातीय स्वार्थ’ हे शब्द मराठी कानाला बोचतात. ढाक्याच्या वर्तमानपत्रांत मात्र ते अग्रलेखात सन्मानाने येतात, कारण तिथे त्यांचा अर्थ राष्ट्रीय हित! ‘नेशन’साठी बंगालीने ‘जाति’ घेतला, ‘इंटरेस्ट’साठी ‘स्वार्थ’. हाच ‘इंटरेस्ट’ बँकेत गेला की ‘सुद’ होतो आणि एखाद्या विषयाची गोडी असली की ‘आग्रह’. इंग्रजी शब्द एक, त्याला बंगालीत फुटलेल्या वाटा तीन, आणि त्यांतले दोन शब्द आपल्या ओळखीचे असून निराळंच बोलणारे. बंगाली वाचू लागल्यापासून या शब्दांनी मला वेड लावलं आहे.

या प्रतिशब्दांचा इतिहास थोडक्यात सांगतो. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरीने बंगालीचं व्याकरण आणि कोश रचला. याच केरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोशही छापला. पुढे रामकमल सेनांचा इंग्रजी-बंगाली कोश, बंगीय साहित्य परिषद, राजशेखर बसूंची परिभाषा समिती आणि ढाक्याची बांगला अकादमी अशी ही परंपरा चालत आली.

पण माझा जीव अडकला आहे तो ‘कल्चर’मध्ये. इंग्रजीत तो शेतातही आहे, प्रयोगशाळेतही आणि माणसाच्या मनातही. बंकिमचंद्रांनी 1888 च्या ‘धर्मतत्त्व’मध्ये मनाच्या मशागतीचा अर्थ उचलला आणि ‘अनुशीलन’ शब्द योजला. त्यातूनच 1902 मध्ये कोलकात्यातल्या क्रांतिकारकांच्या ‘अनुशीलन समिती’ला नाव मिळालं. भाषांतरासाठी योजलेला शब्द थेट स्वातंत्र्यलढ्यात उतरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे ‘कृष्टि’ हा शब्द रुळू लागला. व्युत्पत्तीने तो चोख, कारण लॅटिन मुळातही मशागतच आहे. रवींद्रनाथांना मात्र तो मुळीच रुचला नाही. मनाच्या समृद्धीला नांगरटीचं नाव त्यांना कुरूप वाटे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय 1922 मध्ये पॅरिसला असताना त्यांच्या एका मराठी मित्राकडून त्यांना कळलं, की मराठीत या अर्थी ‘संस्कृती’ म्हणतात. त्यांनी तो शब्द रवींद्रनाथांच्या कानी घातला आणि रवींद्रनाथांनी तो पसंत केला. आज बंगाली माणूस ज्या शब्दाचा एवढा अभिमान बाळगतो, त्याच्या वाटेत एक मराठी माणूस उभा आहे! कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं चाळताना ही हकिगत मी भेटेल त्या पुस्तकविक्रेत्याला सांगत असे.

गंमत म्हणजे ‘संस्कृति’ आली तरी बाकीचे अर्थ तिच्यामागे गेले नाहीत. मत्स्यशेतीसाठी बंगाली माणूस ‘माछ चाष’ म्हणतो, आणि ‘टिश्यू कल्चर’ तसंच ठेवतो. माझ्या मते हेच शहाणपण. एका शब्दावर सगळे अर्थ लादले असते तर तो मोडला असता.

रवींद्रनाथांनी स्वतः ‘नेशन’ला हात लावला नाही. 1901 च्या ‘नेशन की’ या लेखात त्यांनी इंग्रजी शब्दच ठेवला, कारण ‘जाति’मध्ये वंश, वर्ण, प्राणिजात असं सगळंच येतं. तरीही रूढ झाला ‘जाति’च. आजही संयुक्त राष्ट्रांना ढाका ‘जातिसंघ’ म्हणतं आणि कोलकात्याची पत्रं ‘राष्ट्रपुंज’ लिहितात.

विज्ञानात तर आपली पुरती फसगत होते. जीवशास्त्रातल्या ‘सेल’ला आपण पेशी म्हणतो, बंगाली ‘कोष’. त्यांची ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि त्यांचा ‘स्नायु’ म्हणजे आपला मज्जातंतू. तुरुंगातल्या ‘सेल’ला आपण कोठडी म्हणतो, बंगालीत मात्र ती बहुधा ‘सेल’च राहते.

म्हणून बंगालीत अनुवाद करू पाहणाऱ्या तरुणांना मी आग्रहाने सांगतो: कोशातला पहिला प्रतिशब्द उचलू नका. आधी इंग्रजी वाक्याला विचारा, यातला नेमका कुठला अर्थ हवा आहे? मग तो अर्थ बंगाली माणसाच्या वाक्यात शोधा. आणि तिथे ओळखीचा संस्कृत शब्द भेटला, तर त्याची दुप्पट चौकशी करा.