काम बाहेर, जबाबदारी घरी

कोणत्याही पेढीचा व्याप वाढू लागला की धन्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: सारी कामे घरच्याच माणसांकरवी करून घ्यावीत, की काही बाहेर सोपवावीत? व्यापारी बंधूंस हा प्रश्न नवा नाही. परगावी माल आडत्याच्या हाती देण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आडत विक्रीवर शेकडा ठरलेली असल्यामुळे भाव चांगला आला तर धनी व आडत्या या दोघांचेही हित साधते. आज ज्यास ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात, त्याचे मर्म आमच्या मते या हितसंबंधांच्या जुळणीतच आहे.

हे मर्म सुटले म्हणजे काय होते, ते अमेरिकेतील बोइंग कंपनीने अनुभविले. २००४ साली हाती घेतलेल्या ७८७ विमानाचे पंख जपानात आणि धडाचे मोठे भाग जपान, इटली व दक्षिण कॅरोलायना येथे करवून घ्यावेत व आपण मुख्यतः जुळणी करावी, असा तिचा बेत होता. परंतु भागीदारांनी आपली कामे पुढे आणखी इतरांस दिली आणि साऱ्यांवर देखरेख ठेवणे कठीण होऊन बसले. ८ जुलै २००७ रोजी थाटाने दाखविलेल्या पहिल्या विमानाचे पुष्कळ सांधे तात्पुरत्या बोल्टांनी जोडलेले होते. मे २००८ मध्ये द्यावयाचे पहिले विमान ग्राहकाच्या हाती सप्टेंबर २०११ मध्ये पडले. मध्यंतरी, २००९ साली, दक्षिण कॅरोलायनातील भागीदाराचा कारखानाच बोइंगला विकत घ्यावा लागला.

त्याच २००४ साली आपल्या देशातील भारती एअरटेलने दूरध्वनीचे जाळे उभारून सांभाळण्याचे काम एरिक्सन आदी कंपन्यांस, तर संगणकव्यवस्थेचे काम आयबीएमला दिले. जाळ्याचा मोबदला यंत्रांच्या संख्येवर नव्हे, तर वापरात आलेल्या क्षमतेवर ठरला; आयबीएमला उत्पन्नाशी निगडित मोबदला ठरला. त्यामुळे अनावश्यक यंत्रे गळ्यात मारण्यात कोणाचाच लाभ उरला नाही. ग्राहकांशी नाते आणि बाजारातील नाव मात्र कंपनीने आपल्याच हाती ठेवले.

आपल्या पेढ्यांचा व्याप लहान असला तरी न्याय तोच आहे. जमाखर्च, वाहतूक, बांधणी ही कामे आज अनेकजण बाहेर देतात. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे सल्लागार भरतो. तथापि त्यांतील आकड्यांच्या खरेपणाची जबाबदारी कायद्याने नोंदणीकृत व्यापाऱ्यावरच राहते. म्हणून करार करण्यापूर्वी धन्याने तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. ज्या कामावर पेढीची पत उभी आहे, ते बाहेर जात नाही ना? काम घेणाऱ्याचा नफा आपल्या नफ्याबरोबर वाढतो की आपल्या तोट्यावर? आणि त्याचे काम तपासू शकेल असा एक तरी जाणता माणूस आपल्या गादीवर उरला आहे काय?

गिऱ्हाईक दुकानावरील पाटी वाचून येते. माल बिघडला तर ते त्याच पाटीकडे परत येते.