उरलेलं वाक्य

‘साप आणि सिंधी एकदम दिसले तर...’ एवढ्यावर थांबलं तरी नागपुरातल्या बऱ्याच वाचकांच्या मनात उरलेलं वाक्य पुरं झालं असेल. ते पटतं म्हणून नव्हे, कानावर पडलेलं असतं म्हणून. (हीच म्हण इतर प्रांतांत दुसऱ्याच जमातींवर सांगतात, साप तेवढा कायम.) फाळणीनंतर सिंधमधले निर्वासित इथल्या जरीपटका वस्तीत येऊन स्थिरावले, त्याला पाऊणशे वर्षं झाली. तरी किरायाची खोली विचारणाऱ्याचं आडनाव ‘आणी’ने संपलं की घरमालकाच्या मनात शंका आधी येते, माणूस मागाहून. पॅट्रिशिया डिव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली हेच तपासलं. कृष्णवर्णीयांविषयीच्या रूढ समजुतींशी जोडलेले शब्द त्यांनी वाचताही येऊ नयेत इतक्या झटकन दाखवले आणि मग एका माणसाचं वर्णन दिलं, ज्याचं वागणं तापटपणाचं की ठामपणाचं ते ठरवणं अवघड. असे शब्द जास्त दाखवले गेलेल्यांना तो अधिक भांडखोर वाटला. पूर्वग्रह असलेल्यांना वाटला, तसा नसलेल्यांनाही. सवडीने मतं लिहायला सांगितल्यावर मात्र दोघांचे कागद वेगळे निघाले.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आगीशिवाय धूर निघत नाही, लोकांना अनुभव आले असतील. पण अनुभवाचा हिशेब मन नीट ठेवतं का? हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दोन काल्पनिक गट घेतले. ‘अ’ गटाबद्दल १८ चांगल्या आणि ८ वाईट गोष्टी सांगितल्या, ‘ब’बद्दल ९ चांगल्या आणि ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखं, तरी वाईट गोष्टी ‘ब’च्या खात्यावर जास्त मांडल्या गेल्या. लहान गट आणि विरळ घटना एकत्र आल्या की जोडी ठसते, असं त्यांचं स्पष्टीकरण. इतवारी बाजारात मापात मारणारा दुकानदार सिंधी निघाला तर ‘सिंधी’ लक्षात राहतं. मराठी निघाला तर फक्त दुकानाचं नाव.

मग आपोआप घडतं त्याचा दोष कुणाला द्यायचा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पहिल्या क्षणाचा दोष कुणालाच देता येत नाही. पण घरमालक त्या क्षणी नकार देतो कुठे? तो ‘उद्या सांगतो’ म्हणून फोन ठेवतो, म्हणजे डिव्हाइनबाईंच्या प्रयोगातली सवड त्यालाही मिळते. ती बहुधा शेजाऱ्याला विचारण्यात जाते, आणि शेजाऱ्यालाही तेच वाक्य पाठ असतं.