जलशाच्या डीव्हीडीतून आवाज काढताना

दलितांच्या मौखिक परंपरेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण ती परंपरा ज्या आवाजात नांदली, तो आवाजच अभ्यासाला घेण्याचे काम फार थोडे झाले. गीतांच्या पुस्तिका निघाल्या, प्रबंध लिहिले गेले, ते बहुतांशी छापील शब्दांवर. छापताना मुद्रितशोधक ‘पानी’चे ‘पाणी’ करतो, गायकाने लांबवलेला स्वर ऱ्हस्व होतो, आणि अभ्यासक त्या सुधारून घेतलेल्या मजकुरावर लोकभाषेची चर्चा करतो. गायक काय आणि कसे म्हणाला, याची साक्ष ध्वनिमुद्रणच देऊ शकते.

आमचा नाशिक जिल्हा वामनदादा कर्डकांचा (१९२२-२००४). सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. त्यांच्या मागून गाणारे कितीतरी गायक गावोगावच्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमांत गायले. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांनी ते आधी व्हीएचएस कॅसेटवर, पुढे डीव्हीडीवर उतरवले. मी दिंडोरीत महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थी अशा तबकड्या घरच्या पेटीतून काढून आणतात. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते, पुस्तकांचे कपाट नव्हते; गाणे मात्र होते. म्हणून या तबकड्यांना मी ग्रंथच मानतो. त्यांतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने बिघडतो, तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

स्वराची लांबी, ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक, आवाजाची चढउतार हे सारे मोजून दाखवणारी ‘प्राट’ नावाची संगणकप्रणाली आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी ती तयार केली आणि ती फुकट मिळते. पण डीव्हीडीतली व्हीओबी फाइल ती उघडत नाही. तिला वेव्हसारखी ध्वनिफाइल लागते.

व्हीओबीत चित्र आणि आवाज एकमेकांत विणलेले असतात, आणि एका फाइलची मर्यादा १ जीबी असल्याने दोन तासांचा कार्यक्रम अनेक तुकड्यांत विभागलेला असतो. प्रथम तबकडी जशीच्या तशी संगणकावर उतरवावी. मग तुकडे क्रमाने जोडून, एफएफएमपेग या मोफत साधनाने चित्र वगळून आवाज काढावा. तुकडे सुटेसुटे उलगडले तर सांध्यावर आवाज गळण्याचा संभव असतो. डीव्हीडीचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. तो तेवढाच ठेवावा. एमपी३ करण्याचा मोह टाळावा. दोन वाहिन्यांपैकी एकीत गायकाचा माईक आणि दुसरीत ढोलकी असेल, तर त्या एकत्र करू नयेत. गळा मोजायचा असेल तर तेवढी एकच वाहिनी घ्यावी.

यात एक भ्रम मात्र नको. डीव्हीडीवर आवाज बहुधा एसी-थ्री पद्धतीने दाबलेला असतो. सेकंदाला १९२ किलोबिटांचा असा आवाज तासाला सुमारे ८६ एमबी भरतो. १६ बिटांची दोन वाहिन्यांची वेव्ह केली की त्याचे ६९१ एमबी होतात. फाइल फुगली म्हणून दाबताना टाकलेले परत येत नाही. ताकाचे पुन्हा दूध होत नाही. पुढची गळती थांबते, एवढाच लाभ, आणि तो थोडा नाही.

याच वेव्हचा ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ हा प्रकार युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ साली ठरवून दिला. त्यात आवाजाबरोबर फाइलीच्या पोटातच माहिती लिहिण्याची सोय आहे: वर्णनासाठी २५६ अक्षरे, मुद्रणाची तारीख, शिवाय आवाज कशावरून कशावर उतरत आला त्याची वंशावळ. मला हे फार मोलाचे वाटते. वामनदादांच्या कितीतरी गीतांत शेवटी ‘वामन’ हे नाव येते. कागद हरवला तरी गाण्याबरोबर कवी टिकतो. गायकाला तशी सोय नसते. डीव्हीडीच्या वेष्टनावर स्टुडिओचे नाव ठळक असते, गायकाचे पुष्कळदा नसतेच.

पण हा वर्णनाचा रकाना केवळ रोमन लिपीसाठी आखलेला आहे. देवनागरीला तिथे जागा नाही. तेव्हा गायक, साथीदार, गाव आणि साल रोमनमध्ये आत लिहावे, आणि त्याच नावाची एक देवनागरी मजकुराची फाइल शेजारी ठेवावी. गायक हयात असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी आणि एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. आणखी एक: सुरुवातीचे निवेदन, टाळ्या, ‘माईक वाढव रे’ हे निरर्थक समजून कापू नये. गायकाचे नाव पुष्कळदा तेवढ्याच ठिकाणी उच्चारलेले असते.